मंद उष्णतेची भाजणूक

हाताला नुसती सुखद गरम लागणारी वस्तू त्वचेला तासन्‌तास टेकून राहिल्याने होणारी इजा. अशा वस्तूचे तापमान साधारणपणे ४४° ते ५०° सेल्सिअस असते. गरम पाण्याची पिशवी, विजेवर तापणारी चादर किंवा गादी आणि शेकाची जेल-पिशवी ही घरात आढळणारी तिची नेहमीची कारणे. जपानमध्ये अंथरुणात ‘युतानपो’ हे गरम पाण्याचे भांडे घेण्याची व ‘कोतात्सु’ या तापत्या मेजाखाली पाय घेऊन बसण्याची जुनी रीत आहे. तेथे या इजेला ‘तेइओन याकेदो’, म्हणजे कमी तापमानाची भाजणूक, असे स्वतंत्र नाव आहे.

कारणमीमांसा : त्वचेची इजा तापमानाइतकीच स्पर्शाच्या काळावरही ठरते. ए. आर. मॉरिट्झ आणि एफ. सी. हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार ४४° सेल्सिअसला त्वचेची कायमची हानी व्हायला सुमारे ६ तास लागतात. त्यापुढे ५१° पर्यंत दर अंशामागे हा काळ जवळजवळ निम्मा होत जातो. सहा तास म्हणजे एका रात्रीची झोप.

जागा माणूस चटका बसताच पाय ओढून घेतो. गाढ झोपेत ही राखण ढिली पडते. शिवाय एरवी वाहते रक्त त्वचेतली जादा उष्णता दूर नेते. टाच किंवा नडगी गरम वस्तूवर दाबली गेली की तिथला रक्तप्रवाह मंदावतो आणि उष्णता साठून खोल उतरते. नडगी, घोटा व टाच येथे हाडावर मांसाचे आवरण कमी असल्याने या जागा अधिक भाजतात.

विशेष धोका : मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात आणि त्याच रुग्णांना पाय गार पडल्यासारखे वाटते, म्हणून ते पिशवी पायाशी घेतात. अर्धांगवायू, मणक्याची इजा व कुष्ठरोग यांतही संवेदना हरपते. वृद्धांची त्वचा पातळ असते. तान्ह्या बाळाला बाजूला सरकता येत नाही, शिवाय त्याचे अंगही चटकन अति तापते. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतलेल्यांना वेळीच जाग येत नाही. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिल्यावर पाय काही तास बधिर असतात; तेवढ्या वेळात पायांना शेक देऊ नये. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याच्या रीतीत भाजण्याबरोबरच बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाण्याचेही भय असते.

लक्षणे : सकाळी थोडी लाली किंवा एखादा फोड दिसतो आणि दुखणे बेताचेच असते, त्यामुळे दुखणाईत व घरचे दोघेही निर्धास्त राहतात. काही दिवसांनी ती जागा पांढुरकी वा काळपट पडते व आतले मेलेले ऊतक उघडे होते. कधी त्वचारोपण करावे लागते. वर्षानुवर्षे शेकल्याने त्वचेवर उठणारे जाळीदार तपकिरी डाग हा निराळा विकार होय. काश्मिरात फेरन या सैल अंगरख्याच्या आत कांगडी ही निखाऱ्यांची लहान शेगडी धरणाऱ्यांच्या पोटावर व मांड्यांवर ते आढळतात. त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ मध्ये केली.

प्रतिबंध : अंथरूण आधी तापवावे आणि त्यात शिरण्यापूर्वी पिशवी बाहेर काढावी, विजेची चादर बंद करून तिचा प्लगही काढावा. हा एक नियम पाळला तरी बहुतेक इजा टळतात. पिशवी टॉवेलात गुंडाळली की पहिला चटका बसत नाही, पण रात्रभर टेकून राहिल्यास टॉवेलातूनही भाजते. पिशवीत उकळते पाणी भरू नये. ती दोन-तृतीयांश भरून आतली हवा काढावी. विजेची चादर सपाट पसरावी. ती दुमडल्यास किंवा तिच्यावर उशा व जाड रजया रचल्यास उष्णता कोंडते. चादरीवर पिशवी ठेवू नये. तान्ही बाळे आणि पाय बधिर झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी ही साधने वापरूच नयेत. त्यांना लोकरी मोजे व जादा गोधडी द्यावी. दुसऱ्याच्या अंथरुणाची ऊब सांभाळणाऱ्याने रात्री एकदा हात घालून पाहावे आणि सकाळी उजेडात त्याचे पाय नीट बघावेत.

उपचार : जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद वा तूप लावू नये. फोड फोडू नये. इजा खोल गेलेली असू शकते, म्हणून डाग लहान व दुखणे कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह्याच्या पायाबाबत एका दिवसाचाही उशीर महागात पडतो, कारण अशा जखमेत जंतुसंसर्ग वाढून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.