वारस दाखला आणि प्रोबेट : मुंबई इलाख्यातील दोन वाटा

मृताची मिळकत ताब्यात घेण्यापूर्वी वारसाने न्यायालयाची मान्यता घेतलीच पाहिजे, असे बंधन मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या विनियमाने घातले नव्हते. मात्र वारसाने मागणी केल्यास न्यायालय जाहीरनामा काढून हरकती मागवी आणि हक्क सिद्ध झाल्यावर वारस दाखला देई. पुढे 1870 च्या हिंदू मृत्युपत्र अधिनियमाने मुंबई शहरात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राचा खरेपणा प्रमाणित करून त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अधिकारास पुष्टी देणारा न्यायालयीन आदेश, आवश्यक ठरवला आणि 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ती अट पुढे चालवली. परिणामी पुण्यातील मिळकतीला न लागणारा खर्च व विलंब मुंबईतील मिळकतीसाठी शोकग्रस्त कुटुंबांना सोसावा लागला, आणि हा भेद न्याय्य म्हणता येत नाही.