परसदारची मोटार

गावाकडे एखाद्या परसदारी जुनी मोटार गंजत पडलेली असते. भंगारवाला ती किलोवर तोलतो. त्याआधी आपण तिची ओळख पटवायला हवी.

बॉनेटखालच्या पट्टीवर चासी नंबर शोधावा. चार सिलिंडरांचे 1089 सीसी इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअर दिसला, तर ती बहुधा कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची फियाट. ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढली. तिची 1964 ची ‘डिलाइट’ पुढे 1974 पासून ‘पद्मिनी’ झाली.

मग रंग खरवडावा. खाली अंगाला काळा, टपाला पिवळा निघाला, तर ती मुंबईची टॅक्सी! तिच्यावर आपल्यातल्या कित्येकांनी रात्री जागून घरे चालवली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 साली बंद झाली.

आपली तवारीख आपण किल्ले-दर्ग्यांत शोधतो. ड्रायव्हर-मिस्त्रींच्या मेहनतीची तवारीख मात्र कुणी लिहिली नाही. म्हणून नंबर उतरवून घ्यावा, आरसी बुक जपावे, वडीलधाऱ्यांना विचारावे. मोटार भंगारात गेली की विचारायचेही राहून जाते.