रेल्वे इंजिनाची प्रतिकृती : विद्युत दोष व दुरुस्ती

रुळांतून वीज घेऊन धावणाऱ्या छोट्या इंजिनांतील विद्युत दोष शोधून दूर करण्याची पद्धत. पुढील विवेचन एचओ प्रमाणातील (१:८७, रुळांमधील अंतर १६.५ मिमी.) दोनरुळी इंजिनांना धरून आहे, पुण्यात कोथरूडच्या जोशी संग्रहालयातील गाड्या याच प्रमाणाच्या आहेत. मेर्क्लिन कंपनीच्या एचओ गाड्यांत दोन्ही रुळांची जोडणी एकच असते व वीज मधल्या खुंट्यांवरून इंजिनाखालच्या घसरपट्टीने घेतली जाते, त्यामुळे त्यांची तपासणी वेगळी.

साध्या मांडणीत रुळांना कमाल सुमारे १२ व्होल्टचा एकदिश दाब मिळतो. वीज रुळातून चाकात, चाकाला टेकलेल्या पातळ पट्टीतून तारेत, तिथून कार्बन ब्रशमार्गे कॉम्युटेटरवर जाते. तपासणीही याच क्रमाने करावी. प्रत्यक्षात इंजिन अडले की ‘मोटर जळाली’ असे ठरवून लोक आधी मोटरच खोलतात. मोटर जळते ती क्वचित; खरा दोष बहुधा मळात किंवा सैल पट्टीत असतो.

कंट्रोलरच्या दोन तारा थेट मोटरच्या टोकांना लावून पाहाव्यात. मोटर फिरली तर दोष तिच्या अलीकडे आहे. चाकांवर जमलेला काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. सँडपेपर वापरू नये, कारण ओरखड्यांत मळ अधिक लवकर बसतो. मग मल्टीमीटरने प्रत्येक चाक व त्याच्या बाजूची तार यांत सलगता आहे का ते पाहावे. रबरी कडे चढवलेले चाक पकड देते, वीज घेत नाही; ते दोषी समजू नये. लहान इंजिन रूळ बदलण्याच्या सांध्यावरच थांबत असेल, तर तिथला वीज न वाहणारा प्लॅस्टिकचा तुकडा कारण असण्याची शक्यता अधिक.

थेट जोडूनही मोटर अडखळत असेल तर कॉम्युटेटर पाहावा. त्याच्या तांब्याच्या पाकळ्यांमधील फटींत ब्रशची भुकटी व तेल मिळून काळा लगदा साचतो आणि शेजारच्या पाकळ्या आपसांत जोडल्या जातात. मोटर गरम होते, जास्त प्रवाह ओढते, पण जोर धरत नाही. हा लगदा दात कोरायच्या लाकडी काडीने अलगद काढावा. तीन पाकळ्यांच्या मोटरीत प्रत्येक जोडीमधील रोध जवळपास सारखा भरला पाहिजे. एखादे मोजमाप फारच वेगळे आले तरच वेटोळ्यावर संशय घ्यावा. ब्रश झिजले असतील किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल तर तो भाग बदलावा. जुन्या अल्निको चुंबकाच्या मोटरीतून आर्मेचर (वेटोळ्यांचा फिरता भाग) बाहेर काढल्यास चुंबकत्व उतरते, म्हणून तिथे जागच्या जागी सफाई बरी.

तेल फार घालण्याची हौस हे निम्म्या तक्रारींचे मूळ म्हणावे लागेल.

डिजिटल (डीसीसी) इंजिनात रूळ व मोटर यांच्यामध्ये रुळांतून आलेले हुकूम वाचून मोटर चालवणारा डिकोडर येतो. तांबडी व काळी तार रुळांकडून येते, नारिंगी व करडी मोटरकडे जाते. जुन्या इंजिनात डिकोडर बसवताना मोटरचे एक टोक धातूच्या सांगाड्याला जोडलेले राहिले, तर वीज देताक्षणी डिकोडर जळू शकतो. म्हणून मोटरची दोन्ही टोके सांगाड्यापासून तुटलेली आहेत, याची आधी मीटरने खात्री करावी. डिकोडर शाबूत असून इंजिन हुकूम ऐकत नसेल, तर त्याचा पत्ता बदललेला असू शकतो. अनेक बनावटींत डिकोडरच्या सीव्ही ८ (मांडणी साठवणाऱ्या आठव्या कप्प्या) मध्ये ८ हा अंक लिहिला की मूळ मांडणी परत येते व इंजिन पुन्हा पत्ता ३ वर चालू लागते.