केर, खत आणि विद्या : इंदुरातील दोन संशोधने

नगरांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे, लढायांच्या तिथी आणि राजवाड्यांचे मजले मोजतो. त्या नगरातील केर कोठे जात असे, पाणी कोठून येत असे आणि साथीच्या दिवसांत माणसे कोणाला भीत असत, हे प्रश्न इतिहासाच्या दारात सहसा उभे केले जात नाहीत. इंदूर नगरीपुरते बोलावयाचे तर ही उपेक्षा विशेष खटकते. 1917 ते 1934 या सतरा वर्षांत केरकचऱ्याच्या प्रश्नावर येथे दोन मोलाची संशोधने झाली, आणि त्यांतील दुसऱ्याने तर या शहराचे नाव जगाच्या शेतीशास्त्रात कायमचे नोंदविले. वरवर पाहता एक नगररचनेचे व दुसरे शेतीचे. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच विचार आहे असे आम्हांस वाटते, व तो दाखवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कथेचा आरंभ प्लेगपासून करावा लागतो. 1896 साली मुंबईत प्लेग प्रकटला आणि 1897 च्या आरंभी पुण्यात त्याने थैमान मांडले. घरे तपासण्यासाठी गोरे शिपाई माजघरापर्यंत शिरले, सामान रस्त्यावर आले, माणसे छावण्यांत नेली गेली. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. या घटनेच्या राजकीय अर्थाची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. तिचा आणखी एक अर्थ आहे, तो आरोग्यशास्त्राचा. उपाय हेतूने कितीही चांगला असो, तो ज्यांच्यासाठी करावयाचा त्यांचा विश्वास नसेल तर रोगापेक्षा उपायच भयंकर ठरतो. शास्त्राचीही तेव्हा चाचपणीच चालली होती. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे माणसाला होतो हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने 1898 साली कराचीत सांगितले, तरी ते सर्वमान्य होण्यास 1905 नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांपर्यंत वाट पाहावी लागली.

पुण्याच्या त्या प्रसंगानंतर वीस वर्षांनी, 1917 साली, पॅट्रिक गेडेस हे स्कॉटलंडचे गृहस्थ होळकर दरबारच्या निमंत्रणावरून इंदुरात काम करू लागले. त्यांचा जन्म 1854 चा. मूळ शिक्षण जीवशास्त्राचे, पेशाने डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शहर हाही एक सजीवच आहे, या एका कल्पनेपायी ते नगररचनेकडे वळले. 1914 साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यावयास निघाले, तेव्हा प्रदर्शनाचे सामान वाहणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेन हिने बुडविले. त्यांनी नवे सामान जमवून प्रदर्शन भरविलेच. 1917 साल तर त्यांच्या आयुष्यात फार कठीण गेले. एप्रिल महिन्यात थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि जूनमध्ये पत्नीने कलकत्त्यात प्राण सोडला. अशा मनःस्थितीत त्या वृद्ध प्राध्यापकाने इंदूरचे काम अंगावर घेतले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

गेडेस यांची पद्धत वैद्याची होती. आधी नाडी पाहावी, मग औषध द्यावे. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत, विहिरी, अंगणे, घाट, झाडे पाहत. इंदुरात त्या वेळी भुयारी गटारांची एक खर्चिक योजना विचाराधीन होती. ती तपासून गेडेस यांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, सारी घाण गटारात ढकलून नदीत सोडणे म्हणजे रोग शेजाऱ्याच्या दारी पोचविणे होय. घाण ही मातीची आहे, ती मातीकडेच परत गेली पाहिजे आणि तिच्यावर बागा फुलल्या पाहिजेत. खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ व वृक्षयुक्त करावेत, जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी जेथे अत्यंत निकड असेल तेथेच, शल्यवैद्याच्या हलक्या हाताने, एखादी भिंत वा पडके घर काढून मोकळी जागा करावी, हे त्यांचे सूत्र होते. 1918 साली त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

याच काळातील एक प्रसंग गेडेस स्वतः सांगत असत. रस्त्याने जाताना लोक आपल्याकडे भयाने बोट दाखवितात हे त्यांच्या ध्यानी आले. चौकशी करता कळले की, हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब, असे लोक म्हणतात. नकाशे घेऊन साहेब आला की मागून घरे पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव होता. पुण्याच्या 1897 ची छाया ती हीच.

यावर गेडेस यांनी योजलेला उपाय कोणत्याही आरोग्यखात्याच्या नियमावलीत सापडावयाचा नाही. त्यांनी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक योजिली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल हे आधी ठरविले नाही. ज्या भागातील घरे सर्वांत अधिक झाडलेली, सारवलेली, दुरुस्त केलेली असतील त्या भागातून ती जाईल असे जाहीर केले. केर उचलून नेण्याची सोय विनामूल्य केली. दिवाळीपूर्वीची झाडलोट आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तिलाच त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या गाडीला जुंपले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, लक्ष्मी होती आणि नगरदेवताही होती. आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, शहर झाडणारी माणसे शुभ्र वस्त्रे नेसून, गळ्यात हार घालून, नव्या झाडूंसह मानाने चालत होती. शेवटी राक्षसाचे दहन झाले आणि घरोघरी तुळशीची रोपे वाटण्यात आली.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबले पाहिजे. या मिरवणुकीचे वर्णन मुख्यतः गेडेस यांच्याच तोंडून आपल्यापर्यंत आले आहे, आणि गेडेस हे रंगवून सांगणारे वक्ते होते. त्या दिवाळीने प्लेग हटला असे आम्ही म्हणणार नाही, कारण साथीला स्वतःची भरती-ओहोटी असते. एका दिवसाच्या उत्सवाने झाडणाऱ्यांचे जिणे पालटले असेही म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी हार सुकले आणि झाडू पुन्हा त्यांच्याच हाती राहिले. तरीही एक गोष्ट उरते. लोकांच्या चालीरीती हा आरोग्याच्या वाटेतील अडथळा मानण्याऐवजी त्यांतच त्या वाटेचा आधार शोधणे, ही संशोधनाची नवी दृष्टी होती, आणि ती येथे प्रत्यक्ष कसोटीस लागली.

त्याच अहवालात गेडेस यांनी इंदुरात विद्यापीठ स्थापण्याची कल्पना विस्ताराने मांडली होती. केवळ परीक्षा घेणारी संस्था त्यांना नको होती. ज्या गावात विद्यापीठ असेल त्या गावाचे पाणी, उद्योग, शेती, कला यांचा अभ्यास करणारे आणि तो अभ्यास गावाला परत देणारे विद्यापीठ त्यांना हवे होते. पुढे 1919 पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गो. स. घुर्ये यांच्यासारखा शिष्य त्यांना लाभला. इंदूरच्या वाट्याला विद्यापीठ आले ते मात्र 1964 साली.

विद्यापीठ आले नाही, पण त्या कल्पनेचा एक अंश लवकरच दुसऱ्या रूपाने अवतरला. 1924 साली इंदुरात वनस्पतींवरील संशोधनाची एक संस्था निघाली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. हॉवर्ड 1905 पासून बिहारातील पुसा येथे होते. गव्हाच्या सुधारलेल्या वाणांनी त्यांचे नाव झाले होते, तरी ते तेथे समाधानी नव्हते. पुसास एकाच रोपाच्या मुळांचा अभ्यास एकाने, किडीचा दुसऱ्याने, बुरशीचा तिसऱ्याने करावयाचा अशी विभागणी होती. पिकाचे असे तुकडे करून पीक कळत नाही, असा त्यांचा दावा होता. आपण शेतीचे खरे धडे येथील शेतकऱ्यांकडून आणि पिकावरील किडींकडूनच घेतले, असे ते पुढे मोकळेपणाने लिहीत. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या व 1930 साली निधन होईपर्यंत त्यांच्या संशोधनात बरोबरीने सहभागी होत्या.

माळव्यातील कापसाच्या पऱ्हाट्या शेतकरी चुलीत घालीत असे, आणि शेणाच्या गोवऱ्या होत. मग शेताला काय द्यावे? इंदूरच्या संस्थेत पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चुरडल्या, इतर पालापाचोळ्यात मिसळून गुरांखाली अंथरल्या, आणि मग शेण, गोमूत्र मुरलेली माती व लाकडाची राख यांच्यासह उथळ खड्ड्यांत थर रचले. ओलावा राखावयाचा, हवा खेळती ठेवावयाची आणि तीन वेळा खालीवर करावयाचे, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, दुर्गंधरहित खत तयार होते. कुजण्याच्या आरंभी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण 33 ला 1 असावे, अशा रासायनिक निष्कर्षांचा तिला आधार होता. या रीतीला जगाने ‘इंदूर पद्धत’ हे नाव दिले. 1931 साली तीवरील ग्रंथ लंडनहून निघाला आणि आफ्रिकेतील कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोचली.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून दोन नावे आहेत. एक हॉवर्ड यांचे, दुसरे यशवंत वाड यांचे. वाड हे संस्थेत रसायनशाखेचे मुख्य सहायक होते. हॉवर्ड 1934 साली सर झाले आणि सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून आज त्यांचा गौरव होतो. वाड यांचे नाव मात्र पुढील ग्रंथांतील तळटीपांत राहिले. यात कोणाचे कपट होते असे आम्ही म्हणत नाही. हॉवर्ड यांनी तर ते नाव आपल्या नावाशेजारी छापले. ते वाचावयाचे राहून गेले ते आम्हां वाचकांकडून. आपल्याच भाषेचा, आपल्याच नगरात काम केलेला संशोधक आम्हांस परदेशी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भेटावा, ही बाब लाजेची आहे.

आणि वाड यांचे काम तेथेच थांबले नाही. 1934 साली जॅक्सन आणि वाड यांनी मिळून एक निबंध वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. शहरातील मैला व केर यांची इंदूर पद्धतीने आरोग्यास अपाय न होता विल्हेवाट लावावी आणि त्याचे खत करून शेतीस द्यावे, हा त्याचा विषय. घाण मातीकडे परत गेली पाहिजे, हे गेडेस यांनी 1918 साली तत्त्व म्हणून सांगितले होते. सोळा वर्षांनी त्याच नगरात त्या तत्त्वाची कृती, मापे आणि रसायन सिद्ध झाले. या दोघांनी गेडेस यांचा अहवाल वाचला होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे. एका गावाने विचारलेल्या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत.

2017 पासून सलग सात वर्षे इंदूर हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. ओला आणि सुका केर घरीच वेगळा होऊ लागला, आणि 2022 साली रोज 550 टन ओल्या केरापासून इंधनवायू व खत करणारा कारखाना सुरू झाला. याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु त्या अभिमानाच्या भाषणांत गेडेस, हॉवर्ड आणि विशेषतः वाड ही नावे आम्ही क्वचितच ऐकली. मुलांना विचारले तर ती बक्षिसांची वर्षे घडाघडा म्हणतात. आपल्या गल्लीचे सांडपाणी कोणत्या नाल्याने कोठे जाते, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही नववीच्या वर्गाला एक काम देतो. आपल्या घराच्या मोरीपासून निघावे आणि पाणी जेथवर जाते तेथवर पायी जाऊन नकाशा काढावा, आणि वाटेत झाडताना जी व्यक्ती भेटेल तिचे नाव विचारून नकाशावर लिहावे. एका मुलीने आणलेल्या नकाशावर नाल्याची वाट थोडी चुकली होती, पण अकरा नावे अचूक होती. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.