शुश्रूषेचे शिक्षण : खर्च कोणाचा, कमाई कोणाची?

व्याख्यानासाठी विषय कोणता घ्यावा, असे चालकांनी आम्हांस विचारले तेव्हा मोंढ्यातला एक प्रश्न आमच्या डोक्यात घोळत होता. आमच्या युनियनमधील एका हमालाची मुलगी शास्त्र शाखेतून बारावी झाली. तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, पोरगी नर्सिंगची डिग्री करायची म्हणतीय. चार वर्षं हायेत. गावाकडचं दीड एकर इकलं तर भागतंय. पर ते फिटंल का?"

फिटेल की नाही, हे त्याला त्याच बैठकीत सांगणे आम्हांस जमले नाही. हिशेब आम्ही पगारपत्रकांवरच शिकलो. पण हा हिशेब मांडायचा तर आधी एक जुनी गोष्ट पाहावी लागते. परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च पूर्वी कोण करीत असे?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा निघाली. तेथील उमेदवार मुलींकडून फी घेत नसत. राहणे, जेवण आणि गणवेश देऊन वर वर्षाला १० पौंड हातावर ठेवीत. हीच पद्धत थोड्याफार फरकाने आपल्याकडे आली. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणास दाखल झाल्या. या शिक्षणास आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून त्यांचे नाव सांगतात. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पुणे सेवासदन काढले, ते १९०९ साली. पुढे दोनच वर्षांत सेवासदनाने ससून रुग्णालयात विधवा स्त्रियांच्या शुश्रूषा-शिक्षणाची सोय केली.

रुग्णालये उदार होती म्हणून मुली फुकट शिकल्या, असे मात्र कोणी समजू नये. गिरणीत आणि छापखान्यात उमेदवार कसा राबवतात, हे आम्ही पाहिले आहे. नाव शिकाऊ, काम पुरे. रुग्णालयातही तेच होते. वॉर्ड झाडण्यापासून रात्रपाळीपर्यंत सारा भार शिकाऊ मुलींच्या अंगावर असे. सौदा कडक होता. पण बापाला जमीन विकावी लागत नव्हती, हेही खरे.

तथापि एक किंमत त्या मुलींनी भरली, ती रुपयांत मोजता येत नाही. परक्या पुरुषाचे अंग पुसणारी बाई ही त्या काळच्या पुण्याला सोसवेना. सेवासदनाची टवाळी करणारे नाटकही रंगभूमीवर आले. पांढरपेशा मराठी घरांनी या धंद्याकडे पाठ फिरवली, आणि पुष्कळ काळ ख्रिस्ती मुलींनी तो सांभाळला. आमच्या लहानपणी मराठवाड्यात दवाखान्यातली सिस्टर म्हटली की ती केरळची, हे जणू ठरलेले होते. आमच्याच आयाबहिणींची बाळंतपणे त्या बायकांनी तोडक्यामोडक्या मराठीत बोलत पार पाडली. आपण त्यांचे ऋण कधी मोजले नाही.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातील परिचारिकांची संख्या सुमारे ७,००० दिली आहे, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. आमचा परभणी जिल्हा या मोजणीतही नव्हता. तो सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. समितीने लक्ष्य ठेवले ५०० माणसांमागे एका परिचारिकेचे, आणि मुदत दिली १९७१ ची. १९४६ सालीच दिल्लीला आणि वेलोरला पदवीचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय निघाले, ते १९६४ साली. मधल्या काळात, १९५४ साली, शेट्टी समितीने परिचारिकांच्या नोकरीच्या अटी आणि पगार तपासले. १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक उच्चाधिकार समिती बसली. समित्यांची आपल्याला कधी टंचाई पडली नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत निराळा प्रयोग झाला, तो आमच्या हिशेबाला उपयोगी आहे. युद्धानंतर तेथेही परिचारिका पुरेनात. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठातील मिल्ड्रेड माँटॅग बाईंच्या योजनेवरून काही गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत दोन वर्षांचा शुश्रूषा-अभ्यासक्रम सुरू झाला. मुलगी रुग्णालयाची शिकाऊ नोकर राहिली नाही. ती विद्यार्थिनी झाली. आणि ही महाविद्यालये मुख्यतः लोकांच्या करांवर चालणारी असल्याने फी माफक राहिली. उमेदवारीतला राबता गेला, पण त्याचा बोजा घरावर पडला नाही.

आपल्याकडे अर्धेच झाले. मुलगी विद्यार्थिनी झाली, पदवी आली, खाजगी महाविद्यालये निघाली; आणि खर्च रुग्णालयाच्या अंगावरून उतरून बापाच्या सातबाऱ्यावर चढला. सरकारी संस्थांतली फी अजून सोसण्याजोगी असते, पण तेथे जागा थोड्या. बाकीच्या मुली प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात उभ्या राहतात, काम करतात. पूर्वीची उमेदवार कामाच्या बदल्यात जेवत तरी होती. आजची काम करते, आणि वर फी भरते.

आता आकडे मांडू. समजा, चार वर्षांच्या पदवीला फी, वसतिगृह, खानावळ, पुस्तके, गणवेश धरून चार लाख रुपये लागले, आणि ते बँकेचे शैक्षणिक कर्ज म्हणून काढले. चार लाखांपर्यंत बँका बहुधा तारण मागत नाहीत, एवढा दिलासा आहे. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता येतो महिना सुमारे ५,२८६ रुपये. एकूण फेड सव्वासहा लाखांच्या वर; शिक्षण चालू असतानाचे व्याज निराळे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी माफ केली. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेलेल्या मुलीला तो लाभ नाही. हे अनेक बापांना ठाऊक नसते, आणि दलाल ते सांगत नाही. खानावळीचे पैसे तर कोणीच माफ करीत नाही.

ही झाली खर्चाची बाजू. कमाईकडे पाहिले की गंमत कळते. राज्य सरकारच्या रुग्णालयात कायम नेमलेल्या अधिपरिचारिकेचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो, महागाई भत्ता वेगळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत कंत्राटी परिचारिकेचे मानधन २०,००० रुपये आढळते. तेच सलाइन, तीच रात्रपाळी. पहिलीच्या मूळ पगाराचाच साधारण सातवा हिस्सा हप्त्यात जातो, दुसरीच्या मानधनाचा चौथा हिस्सा. शिवाय ही कायम जागा तीन वर्षांची पदविका केलेलीला आणि चार वर्षांची पदवी केलेलीला सारखीच खुली असते, आणि पगारही सारखाच. पदविकेला बारावीची कोणतीही शाखा चालते. पदवीचा फायदा पुढे होतो, अध्यापनात आणि वरच्या शिक्षणात. तोपर्यंत हप्ते थांबत नाहीत. तेव्हा शिक्षण फिटते की नाही हे कागदावर कोणते प्रमाणपत्र आहे यावर थोडे, आणि नेमणूक कायम की कंत्राटी यावर पुष्कळ अवलंबून आहे.

खाजगी दवाखान्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने शिफारस केली की, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराएवढे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळात परिचारिकांनी संघटित लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथील सरकारने किमान वेतनाची अधिसूचना काढून तिला दात बसवले.

आमच्याकडे एका खाजगी रुग्णालयातील तीन मुली एकदा रात्री आल्या. नाव घेत नाही. नोकरी सोडायची होती, पण मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात. ज्या कागदासाठी एकीच्या बापाने बैलजोडी विकली होती, तो कागदच तिच्या हाती नव्हता. प्रमाणपत्रे परत मिळाली, पण चार चकरा मारल्यावर आणि दोन महिन्यांच्या पगारावर पाणी सोडल्यावर. नोकरीच्या या जाचाविरुद्ध आवाज उठलाच नाही असे नाही. बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरती करू नये म्हणून मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिकांनी संप केला. त्या वेळी आमच्याच गावातील काही सुशिक्षित मंडळी म्हणाली की, रुग्णसेवा करणाऱ्यांनी संप करू नये. सेवा हा शब्द पगार मागताना आडवा घालायला फार सोयीचा आहे.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर किती होणार, याची चर्चा चौकाचौकात झाली. तेथील खाटांजवळ उभ्या राहणाऱ्या मुली कायम असतील की कंत्राटी, हे आम्हांस कोणी विचारले नाही.

त्या हमालाला आम्ही शेवटी सांगितले, की जमीन विकू नकोस. पदवीची प्रवेश परीक्षा देऊ दे, केंद्रीय प्रक्रियेतून जागा मिळाली तर घे. नाही मिळाली तर सरकारी शाळेत पदविकेचा अर्ज कर. कोट्याच्या जागेला हात लावू नकोस. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अन् भाऊ, कायमची भरती कवा निघतीय?"