तळटीप : ‘शकिराचा मुंबईचा कार्यक्रम’

येथे उल्लेख आहे तो २५ मार्च २००७, रविवारच्या मैफलीचा. स्थळ, वांद्रे-कुर्ला संकुल. वाशीमहून मुंबईला निघायचे तर अकोला गाठून हावडा-मुंबई मार्गावरची गाडी धरायची, हा त्या काळचा नेहमीचा रस्ता. लेखकाने तो प्रवास एका ओळीत उरकला आहे.

शकिरा कोलंबियातील बारांकिया शहरची (जन्म १९७७), वडिलांकडून लेबनीज वंशाची. तिच्या नाचात अरबी पोटनृत्य दिसते ते त्यामुळेच. २००५ साली तिने दोन अल्बम काढले, आधी स्पॅनिश, मग इंग्रजी. त्यांच्या प्रचारासाठीचा ‘ओरल फिक्सेशन’ दौरा जून २००६ मध्ये स्पेनमधील सारागोसा येथे सुरू झाला आणि जुलै २००७ मध्ये इस्तंबूलला संपला. मुंबई हा त्यातला एक मुक्काम. भारताशी तिची गाठ मात्र आधीच पडली होती: ऑगस्ट २००६ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात ‘हिप्स डोन्ट लाय’ हे गाणे तिने हिंदी सिनेमाच्या थाटात सादर केले. नृत्यदिग्दर्शन फराह खान यांचे. मुंबईकरांना ती अगदीच परकी वाटली नसावी, याचे थोडे श्रेय त्यांनाही द्यायला हवे.

मैफलीच्या दोनच दिवस आधी विश्वचषकात भारत श्रीलंकेकडून हरला होता. लेखकाच्या मित्रांचे ‘सुतकी चेहरे’ त्या पराभवामुळे. त्याचा गाण्याशी संबंध नाही.


— संपादक