स्तंभ प्लवन

स्तंभ प्लवन : बारीक दळलेल्या धातुकातील उपयुक्त खनिज हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर आणण्याच्या पद्धतीस फेन-प्लवन म्हणतात. हे कार्य घुसळणी बसविलेल्या टाक्यांऐवजी सु. ९ ते १५ मी. उंचीच्या उभ्या नळकांड्यात केल्यास त्यास स्तंभ प्लवन म्हणतात. लगदा वरच्या भागातून खाली उतरतो, तळाशी सोडलेले बुडबुडे त्याच्या उलट दिशेने चढतात व फेसावर शिंपडलेले पाणी त्यात अडकलेले निरुपयोगी कण धुऊन खाली नेते.

ही कल्पना जुनी आहे. टाउन व फ्लिन यांनी तिचे अमेरिकन पेटंट १९१९ मध्ये मिळविले. तथापि त्या काळातील हवा सोडणारे सच्छिद्र तळ वारंवार बुजत आणि घुसळणीच्या टाक्यांना असा दोष नसल्याने त्याच सर्वत्र रूढ झाल्या. कॅनडात बूतँ व त्रांब्ले यांनी १९६०–७० या दशकात स्तंभाचे पुनरुज्जीवन केले. परंतु त्याचा औद्योगिक वापर १९८० च्या सुमारास क्वेबेकमधील गास्पे खाणीत, मॉलिब्डेनम खनिजाच्या शुद्धीकरणासाठी, प्रथम स्थिरावला. तेथे दोन स्तंभांनी टाक्यांच्या अनेक टप्प्यांचे काम केले.

जुना दोष मात्र पुन्हा उद्‌भवला. बुडबुडे निर्माण करणाऱ्या नळ्यांवर कापड किंवा छिद्रे पाडलेले रबर चढवीत. तांब्याच्या धातुकात चुना वापरतात. त्याचे कीटण छिद्रांत साचे. रबर फाटल्यास मोठे बुडबुडे उसळून फेस विस्कटे आणि नळी बदलण्यासाठी सबंध स्तंभ रिकामा करावा लागे. स्तंभ चालू असतानाच बाहेरून काढता येणारी साधने आल्यावर ही अडचण पुष्कळशी दूर झाली. ऑस्ट्रेलियात जेमसन यांनी तर लगदा व हवा एकाच उभ्या नळीत मिसळून उंच स्तंभच टाळला (माउंट आयझा, १९८९).

फेस व लगदा यांमधील सीमा डोळ्यांना दिसत नाही. ती दाबावरून काढतात. पण हवेचे प्रमाण बदलले की घनता बदलते व मापन चुकते. धुणारे पाणी कमी पडल्यास वाळू फेसात शिरते. अति झाल्यास फेसात घुसळण होऊन धुण्याचा गुणच नाहीसा होतो. चालकाचे खरे कौशल्य येथेच लागते.

जालना जिल्ह्याचा खडक दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट असून तेथील पोलाद भट्ट्या भंगार व स्पंज लोखंडावर चालतात. स्पंज लोखंडातील सिलिका मळी वाढविते व वीज खाते; म्हणून ती धातुकातूनच काढणे इष्ट असते. कर्नाटकातील कुद्रेमुख येथील मॅग्नेटाइटातील सिलिका कमी करण्यासाठी स्तंभ वापरले गेले. तेथील खाणकाम २००५ अखेर थांबले. धातुकांच्या अशा चाचण्या नागपूर येथील भारतीय खाण ब्यूरोच्या प्रयोगशाळेत होतात. मात्र बारीक प्रायोगिक स्तंभात लगदा जवळजवळ न मिसळता उतरतो, रुंद स्तंभात तो वरखाली मिसळतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील उतारा कारखान्यात तसाच मिळत नाही.